विमानात जळका वास, आणि पहिला संशय आईच्या चटणीवर

होटगीकर
राम राम मंडळी. सात-आठ वर्षं नुसता वाचतोय, धागा पहिल्यांदाच काढतोय. सांभाळून घ्या.

मागच्या महिन्यात आईला घेऊन ताईकडे दिल्लीला गेलो. सोलापूरहून रेल्वेनं हैदराबाद आणि तिथून विमान. आई ७१ वर्षांची, विमानात पहिल्यांदाच. पायाशी तिची पिशवी होती. त्यात कडक भाकरी, शेंगाची चटणी, दोन चादरी, म्हणजे सोलापूरकर परगावी जाताना नेतो तो सगळा ऐवज. एअर होस्टेसनं ती पिशवी वरच्या कप्प्यात ठेवायला लावली.

उडून पाऊण तास झाला असेल. जळका वास यायला लागला. धूर अजिबात नाही. एक एअर होस्टेस मागून आली, आमच्या रांगेपाशी थांबली, नाक वर करून हुंगलं आणि काही न बोलता मागं गेली. मग दुसरी आली. मग दोघींनी वरचे कप्पे उघडले, आत हात उलटा करून फिरवला, आईची पिशवी खाली काढली आणि चटणीच्या डब्याला चक्क नाक लावलं. "आंटी, इसमें क्या है?" आईनं शेंगा भाजण्यापासून सगळी कृती सांगितली. मग आजूबाजूच्या चार रांगांत प्रत्येकाला विचारत फिरल्या. वास कधीपासून येतोय, कुठून येतोय, प्लास्टिकसारखा आहे की तेलकट, डोळे चुरचुरतात का. घाबरू नका असं मात्र एकीच्याही तोंडून नाही.

थोड्या वेळानं कॅप्टन बोलला, तेही रांजणात तोंड घालून बोलल्यासारखं. नागपूरला उतरतोय म्हणाला. उतरलो. बाहेर अग्निशमनाच्या गाड्या उभ्या. शिडीनं खाली उतरवलं आणि साडेचार तासांनी दुसऱ्या विमानानं दिल्लीला नेलं. कारण विचारलं तर "तांत्रिक". कंपनीचं नाव मुद्दाम देत नाही.

प्रश्न दोन आहेत. धूर नसताना नुसत्या वासावर विमान उतरवतात का? आणि प्रवाशांना आधी का सांगत नाहीत? मला तर त्या पोरींचं वागणं उद्धटच वाटलं.

सातरस्ता
चटणी परत मिळाली का? आधी ते सांगा, मग विमानाचं बघू.

होटगीकर
मिळाली. नागपूरला थांबलो तेव्हा निम्मी शेजारच्या सरदारजींच्या कुटुंबानं संपवली.

सातरस्ता
म्हणजे आग विझली म्हणायची.

अक्का६८
माझा पहिला अनुभव सांगते. मुंबईहून कोचीनला निघालो होतो, जुलैतला धो धो पाऊस. विमान अजून जमिनीवरच होतं आणि वरच्या फटींतून पांढरा धूर खाली यायला लागला. मी आमच्या ह्यांचा हात धरला आणि रामरक्षा सुरू केली. पलीकडचा मुलगा म्हणाला, "काकू, धूर नाही तो, वाफ आहे. एसीचं थंड वारं दमट हवेत मिसळलं की असं होतं." हुंगून बघितलं तर खरंच वास काहीच नव्हता. रामरक्षा मात्र पूर्ण केली, मधेच सोडत नाहीत म्हणून.

वैमानिकेतर
धागा वाचला आणि राहवलं नाही. ११ वर्षं केबिन क्रूमध्ये होते, आता जुळे सोलापूरला घरी असते. होटगीकर, त्या दोघी उद्धट नव्हत्या. त्या कामात होत्या.

प्रशिक्षणात आमच्या डोक्यात एकच गोष्ट ठोकून बसवतात. कारण न सापडलेला वास म्हणजे आग, तसं नाही हे सापडेपर्यंत. म्हणून पहिली हुंगून गेली तेव्हा ती पसार झाली नव्हती. इंटरकॉमवर कॅप्टनला सांगायला आणि जोडीदारणीला बोलवायला गेली होती. असल्या वेळी एकटीनं शोधत बसायचं नसतं. एक शोधते, एक कॉकपिटशी बोलत राहते, एक सामान आणते. सामान म्हणजे हॅलन वायूचा अग्निशामक आणि धुरात घालायची टोपडी. ती टोपडी डोक्यावरून मानेपर्यंत येते, आत स्वतःचा प्राणवायू असतो, पंधरा मिनिटांच्या आसपास पुरतो.

"प्लास्टिकसारखा की तेलकट" हा प्रश्न उगाच नव्हता. कॅप्टनला दाराआडून काही दिसत नाही, आमचं नाक हेच त्याचं नाक. कुठं, कसा, कधीपासून, वाढतोय की कमी होतोय, एवढंच त्याला हवं असतं. "बहुतेक काही नसेल" असं त्याला सांगायला सक्त मनाई. ते प्रवाशाला तरी कुठल्या तोंडानं सांगणार?

उलटा हात का, तर तळहाताला चटका बसला की तो हात गेला, पुढचं काम कशानं करणार? संडासाच्या दारालाही आधी उलटा हातच लावायचा. आणि चटणीबद्दल आईंची माफी मागते सगळ्यांच्या वतीनं, पण बरेचदा उत्तर सामानातच सापडतं. लोणचं सांडलेलं, नेलपॉलिश काढायची बाटली फुटलेली, सुकट तर काय बोलायलाच नको. सोपं उत्तर आधी बाद करायचं, मग ओव्हन, कॉफीचं यंत्र, संडासातला कचऱ्याचा डबा, दिवे, सीटच्या फटी. ओव्हनमधून वास आला तर वीज तोडायची आणि दार उघडायचं नाही. आत धुमसत असेल तर दार उघडून आपणच तिला हवा घालतो.

आणि रांजणातला आवाज! कॅप्टननं मास्क लावला होता हो. त्यांच्या चेकलिस्टची सुरुवातच तिथून होते. मास्क लावा, शंभर टक्के प्राणवायू, एकमेकांचं ऐकू येतंय का बघा. बाकी सगळं त्यानंतर.

शंकासुर
वा! म्हणजे चालकाला मास्क आणि तिकिटाचे पैसे भरणाऱ्याला चटणीचा वास. प्रवाशांचे मास्क का नाही सोडले खाली?

वैमानिकेतर
@शंकासुर, कारण ते त्या कामाचे नाहीतच. आपल्या डोक्यावरचा पिवळा पेला केबिनमधलीच हवा ओढतो आणि तिच्यात थोडा प्राणवायू मिसळतो. तो केबिनमधला हवेचा दाब गेला तर उपयोगाचा. धूर असेल तर तोच धूर नाकात जाणार, वर आगीला प्राणवायू मिळणार तो वेगळाच. धुरात आम्ही ओला रुमाल नाकाला लावून डोकं खाली ठेवायला सांगतो. वैमानिकांच्या मास्कमध्ये बाहेरची हवा येत नाही. आणि दोघे वैमानिक गुदमरले तर तुमच्या-माझ्या मास्कनं विमान कोण उतरवणार?

गंमत सांगते. दाब जाऊन ते पिवळे मास्क खरंच खाली आले की केबिनभर जळका वास सुटतो. बऱ्याच विमानांत वरच्या डब्यात रसायनापासून प्राणवायू तयार होतो, तो डबा चांगलाच तापतो. तो वास मात्र नेहमीचा.

मागाचा_धोटा
वासाचं म्हणाल तर आमच्यासारखी नाकं कुणाची नसतील. वडिलांचे अक्कलकोट रोडला माग होते, आता मी बघतो. पट्टा घसरल्याचा वास निराळा, बेअरिंग कोरडं पडल्याचा निराळा, मोटारचं वाइंडिंग जळाल्याचा तर झोपेतही ओळखतो. गोडसर, उग्र, घशाशी बसणारा. शेडमध्ये ४८ माग खडखडत असले तरी कुठला जळतोय ते वासावर चालत जाऊन हात ठेवून दाखवीन.

पण आमचं बरंय, वास आला की मेन स्विच पाडायचा. तरी मला पहिला प्रश्न पटतो. नुसत्या वासावर शे-दीडशे माणसं नागपूरला उतरवायची, किती डिझेल, किती खर्च! थोडं थांबून बघायला काय हरकत होती?

जुळेकर
डिझेल नव्हे हो, एटीएफ. विमानाचं इंधन.

मागाचा_धोटा
बरं, एटीएफ. पैसे तर लागतातच ना?

पाना_नं_१३
धोटा, "थोडं थांबून बघू" यावरच सांगतो. मी विमान दुरुस्तीत आहे, मूळचा अशोक चौकातला, नोकरी बाहेर. आमच्या धंद्यात वासाचा विषय निघाला की एक विमान आठवतंच.

२ सप्टेंबर १९९८. स्विसएअर १११, न्यूयॉर्कहून जिनिव्हाला निघालेलं एमडी-११. ३३ हजार फुटांवर वैमानिकांना कॉकपिटमध्ये वेगळा वास आला. त्यांना वाटलं एसीतून येतोय. मधे तर वास गेलाही. चारेक मिनिटांत धूर दिसला, त्यांनी कॅनडातल्या हॅलिफॅक्सकडे वळायचं ठरवलं. छताच्या वर, जिथं कुणाला दिसत नाही तिथं, तारांपाशी आग लागली होती आणि उष्णता अडवायला लावलेल्या चकचकीत आवरणावरून ती पसरत होती. पहिल्या वासापासून साधारण २१ मिनिटांत विमान समुद्रात. २२९ माणसं, एकही वाचलं नाही.

कॅनडाच्या तपासाला चार वर्षांवर लागली. त्यांचा निष्कर्ष वाचून अंगावर काटा येतो. धूर दिसल्याबरोबर ते थेट हॅलिफॅक्सला निघाले असते तरी आग इतक्या वेगानं पसरली की पोचले नसते. ते आवरण नंतर विमानांतून काढायला लावलं. आणि चेकलिस्टांचा रोखच बदलला. पूर्वी आधी कारण शोधा, मग उतरायचं बघा असा सूर होता. आता उतरायची दिशा आधी धरायची आणि शोधाशोध वाटेत करायची.

तुमच्या शेडमध्ये मोटार दिसते, हात लावता येतो. विमानात तारा पत्र्यामागं, छताच्या वर, पायाखाली. वास तेवढा बाहेर येतो.

मागाचा_धोटा
पटलं. शब्द मागं घेतो.

फक्त_वाचक
या धाग्यासाठी तीन वर्षांनी लॉगइन केलं. लिहा अजून.

चिंचोळी_एमआयडीसी
कारखान्यात सुरक्षा अधिकारी आहे, म्हणून नाकाबद्दल एक. नाक फार लवकर सरावतं. उग्र वासाच्या खोलीत पाच-दहा मिनिटं बसा, वास "गेला" असं वाटतं. गेलेला नसतो, तुम्ही बधिर झालेले असता. हायड्रोजन सल्फाइड तर त्याहून वाईट. कमी असताना सडक्या अंड्याचा वास, १०० पीपीएमच्या (हवेच्या दहा लाख भागांत १०० भाग) पुढं नाकच बंद पडतं. मॅनहोलमध्ये उतरलेली माणसं त्यातच जातात. कार्बन मोनॉक्साइडला तर वासच नाही.

म्हणून दुसरी एअर होस्टेस मागून का आणली ते मला लगेच कळलं. ताजं नाक लागतं. आम्हीही गळतीचा संशय आला की दुसऱ्या विभागातला माणूस बोलावतो.

वैमानिकेतर
अगदी! "ताजं नाक" हा शब्द आम्हाला शिकवायला हवा होता.

सातरस्ता
मग सोलापुरात पायलटचं नाक कुठलं ताजं राहणार बे? गळीत हंगामात मळीचा वास आला की समजायचं होटगी रोड आला, सीट बेल्ट बांधा.

जुळेकर
विमानतळाजवळच्या त्या साखर कारखान्याची चिमणी तर विमानासाठीच पाडली, १५ जून २०२३ ला. आम्ही गच्चीवरून बघितली. काही सेकंदांत आडवी. आमच्या सोसायटीत त्यावरून अजून दोन गट आहेत.

शंकासुर
दोन? आमच्याकडे चार. विमान पाहिजे, चिमणी पाहिजे, दोन्ही पाहिजे आणि आधी पाणी रोज सोडा.

अक्का६८
चौथ्या गटात मला घ्या.

संपादक मंडळ
चिमणी आणि पाणीपुरवठ्यासाठी स्वतंत्र धागे आहेत. कृपया विषयाला धरून.

निगडीची_सून
माहेर सोलापूर. होटगीकर, चटणीत खोबरं होतं का? विषयाला धरूनच विचारतेय! पुण्याच्या विमानतळावर माझ्या बॅगेतलं सुकं खोबरं काढून ठेवलं होतं. पेट घेतं म्हणे.

पाना_नं_१३
बरोबर आहे ते. सुक्या खोबऱ्यात तेल भरपूर, आपोआप तापून पेटू शकणाऱ्या मालात त्याची गणना होते. म्हणून सामानात चालत नाही. अख्खा नारळ केबिनमध्ये न्यायची सवलत २०२४ च्या ऑक्टोबरात शबरीमलाच्या यात्रेकरूंना दिली होती, तीही काही महिन्यांपुरती.

अक्का६८
शेंगाच्या चटणीत खोबरं घालतं कोण? शेंगा, लसूण, तिखट, मीठ, जिरं. उखळात कुटायची, तेल सुटेपर्यंत. खोबरं घातलं की ती सोलापुरी राहिली नाही.

निगडीची_सून
काकू, सासरी घालतात. मी काही बोलत नाही.

होटगीकर
आमच्यात खोबरं नाही. आईला विचारलं तर तिनं माझ्याकडं असं बघितलं की बस.

शंकासुर
चटणीतून बाहेर या. मी असं वाचलंय की विमानात इंजिनातली हवा आपण श्वासातून घेतो, त्यात तेलाची वाफ असते आणि त्यानं क्रूचे लोक आजारी पडतात. हे दडपून ठेवतात. पानेवाले, खरं काय ते सांगा.

पाना_नं_१३
निम्मं खरं आहे, म्हणून नीट सांगावं लागेल.

बहुतेक जेट विमानांत केबिनची हवा इंजिनाच्या कॉम्प्रेसरमधून, म्हणजे हवा दाबणाऱ्या भागातून येते. इंधन जळायच्या आधीच्या भागातून, तेव्हा धुराडं नाकात येत नाही. तिला गार करून आत सोडतात. केबिनमधली साधारण निम्मी हवा ताजी असते, निम्मी गाळून पुन्हा फिरवलेली. गाळणी उत्तम असते, धूळ-जंतू ९९.९७ टक्के अडवते. पण ती कण अडवते, वाफ नाही. इंजिनाची एखादी सील गळाली तर तेल त्या गरम हवेत मिसळतं आणि केबिनमध्ये पायमोज्यांचा वास येतो. घामेजलेले, चार दिवस न धुतलेले मोजे. क्रूनं लॉगबुकात "मोज्यांचा वास" लिहिलं की आम्ही हसत नाही, सरळ इंजिन उघडतो. बोइंग ७८७ मध्ये हवा इंजिनातून न घेता विजेच्या कॉम्प्रेसरनं घेतात, तिथं ही वाट बंद.

त्या तेलात ट्रायक्रेसिल फॉस्फेट नावाचं रसायन असतं आणि ते नसांना बरं नाही, हे खरं. असा प्रकार झाला की त्या वेळी डोकं दुखणं, मळमळ, गरगरणं होतं, हेही खरं. पण केबिनमध्ये जेवढं येतं तेवढ्यानं कायमचा आजार होतो का, यावर डॉक्टरांचं एकमत नाही. दडपलेलं वगैरे काही नाही, उघड भांडण चालू आहे.

वास ओळखायची आमची एक बाराखडी असते. मोजे म्हणजे तेल. झोंबणारा, डोळ्यांत पाणी आणणारा असेल तर हायड्रॉलिकचं द्रव. गोडसर असेल तर थंड देशात पंखांवरचं बर्फ काढायला फवारतात ते. रॉकेलचा वास उड्डाणाआधी आला तर बहुधा वारं मागून आहे आणि आपलंच किंवा पुढच्या विमानाचं धुराडं आत ओढलं गेलंय, काही मिनिटांत जातो. आणि उडताना अचानक चिकन भाजल्याचा वास आला, जेवण अजून वाटलेलं नाही, तर इंजिनात पक्षी गेला.

सातरस्ता
शाकाहारी लोकांनी काय करायचं?

पाना_नं_१३
पाचच्या ऐवजी चार वास लक्षात ठेवायचे.

वैमानिकेतर
संडासाचं राहिलंच. विमानात सिगारेट बंद, तरी संडासाच्या दारावर रक्षापात्र असतं, बघितलंय का? लोकांना वाटतं जुनं विमान. नाही, ते असावंच लागतं. ११ जुलै १९७३ ला पॅरिसजवळ ब्राझीलच्या व्हारिग कंपनीच्या विमानाला संडासात आग लागली, धुरानं १२३ माणसं गेली. नियम मोडून सिगारेट ओढणारा कुणीतरी निघतोच, त्यानं थोटूक कागदाच्या डब्यात टाकू नये म्हणून ती जागा. त्या डब्याला आता आपोआप सुटणारा अग्निशामकही असतो.

माझ्या वेळी एक गृहस्थ पकडले होते. म्हणे, "मी ओढली नाही, देवाला उदबत्ती लावली." आणि खरंच उदबत्ती होती हो!

जुळेकर
आणि पॉवरबँक? मुलगा दोन-दोन घेऊन फिरतो.

वैमानिकेतर
हल्ली सगळ्यात जास्त धास्ती त्याचीच. २८ जानेवारी २०२५ ला कोरियात बुसानला विमान उडायच्या आधी वरच्या कप्प्यातून धूर आला, बघता बघता छत जळून गेलं. जमिनीवर होतं म्हणून १७६ च्या १७६ बाहेर पडले. त्यानंतर कोरियानं पॉवरबँक वरच्या कप्प्यात ठेवायला बंदी घातली. सुटी बॅटरी हातातल्या सामानातच हवी, खाली मालाच्या पोटात नाही, कारण खाली पेटली तर आमचा हात पोचत नाही. बॅटरीत मावणारी वीज १०० वॉट-अवरपर्यंत असेल तर वेगळी परवानगी लागत नाही. २०,००० एमएएचची साधारण ७४ भरते.

मुलाला सांगा, जवळ ठेव, दिसेल अशी. आणि मोबाइल सीटच्या फटीत पडला तर सीट मागंपुढं करायची नाही, आम्हाला बोलवायचं. सीटच्या सांध्यात चिरडला की पेटतो. पेटलाच तर आधी हॅलन, मग पाणी, चहा, सरबत, हाताला लागेल ते ओतत राहायचं. ज्वाळा विझली तरी आतली बॅटरी थंड झालेली नसते, परत पेटते.

मागाचा_धोटा
विजेच्या वस्तूवर पाणी ओतायचं? आमच्या शेडमध्ये असं केलं तर मालक हाकलून देईल. अरे हो, मालक मीच.

चिंचोळी_एमआयडीसी
मोटारीला चालू वीज असते, तिथं नाहीच ओतायचं. बॅटरीत भांडण उष्णतेचं आहे. एक सेल तापला की शेजारच्याला तापवतो, म्हणून गार करायचं.

पाना_नं_१३
होटगीकर, तुमच्या मूळ गोष्टीकडे परत येतो. "तांत्रिक" म्हणजे काय याची मलाच चुटपुट लागलीय. काही आठवतंय का बघा. वास आला तेव्हा एसीच्या आवाजात काही फरक पडला? आणि उतरेपर्यंत वास वाढत गेला की कमी झाला?

होटगीकर
मला काहीच आठवत नाही, खरं सांगतो. मी घाबरलो होतो. आईला विचारतो.

होटगीकर
आईला विचारलं. आता जरा सविस्तर लिहितो, आणि पहिल्या पोस्टमध्ये लिहिलं नव्हतं तेही.

आई म्हणते, वास यायच्या बराच आधी पायाखाली घरघर लागली होती. "कांडी संपल्यावर माग वाजतो तसं नव्हं, बेअरिंग गेल्यावर वाजतं तसं." लग्न होऊन आली तेव्हापासून पंचवीस-तीस वर्षं तिनं घरातच कांड्या भरल्यात, आमच्या भिंतीपलीकडं माग होते. मग वास आला. मग त्या पोरी हुंगून गेल्या. त्यानंतर एकदम घरघर थांबली, एसीचा आवाजही बारीक झाला, आणि नागपूर येईपर्यंत वास कमी कमी होत गेला.

आता न लिहिलेलं. वास सगळ्यात आधी आईला आला. ती मला म्हणाली, "मोटर जळलाल्यासारखा वास येलालाय बघ. त्या पोरीला सांग." शेजारी कोट घातलेली माणसं, मला लाज वाटली. मी म्हणालो, "गप बस गं, विमानात असा वास असतोच." ती गप्प बसली. एअर होस्टेस स्वतःहून आली ती त्यानंतर सात-आठ मिनिटांनी तरी. आणि तिनं "वास कधीपासून" विचारलं तेव्हा मी "आत्ताच" असं सांगितलं.

वर २१ मिनिटं वाचली तेव्हापासून हे डोक्यातून जात नव्हतं.

पाना_नं_१३
आईंना नमस्कार सांगा. विमान न बघता पक्कं सांगता येणार नाही, पण माझा अंदाज हवा पुन्हा फिरवणाऱ्या पंख्यावर. तो बऱ्याच विमानांत जमिनीखाली असतो. बेअरिंग जायला लागलं की घरघर, मग मोटार तापून वाइंडिंगचा वास. वासाच्या चेकलिस्टमध्ये हे पंखे बंद करायची पायरी असते, म्हणून एसीचा आवाज उतरला. पंखे चेकलिस्टप्रमाणे कुठल्याही वासाला बंद करतात, तेव्हा आवाज थांबला एवढ्यावरून काही ठरत नाही. पण घरघर आधी आणि बंद केल्यावर वास कमी, या दोन्ही गोष्टी जुळतात. हे लॉगबुकात आलं असतं तर रात्री माझ्यासारख्याचे दोन तास वाचले असते.

वैमानिकेतर
होटगीकर, मनाला लावून घेऊ नका. आमच्या कामात हे रोजचं. वास आलेला असतो दहा जणांना, बटण दाबत नाही कुणीच. प्रत्येकाला वाटतं आपलंच नाक. आम्ही गॅलीत, म्हणजे विमानातल्या स्वयंपाकघरात, चहा-कॉफीच्या वासात उभ्या असतो, बाराव्या रांगेतलं आम्हाला उशिरा कळतं. डोक्यावरचं बटण त्यासाठीच आहे, नुसतं पाणी मागायला नाही. आणि "आत्ताच" नका सांगू पुढच्या वेळी. सात मिनिटं तर सात मिनिटं.

तुमचा दुसरा प्रश्न होता, आधी का सांगत नाहीत. तिथं मी थोडी तुमच्या बाजूनं आहे. "वासाचं कारण शोधतोय, तुमची मदत हवी" एवढं एक वाक्य बोलता आलं असतं त्यांना. मीही कित्येकदा बोलले नाही. हातातलं काम संपेपर्यंत सुचत नाही.

शंकासुर
पहिल्यांदाच या संस्थळावर कुणाशी तरी पूर्ण सहमत. नोंद घ्यावी.

मागाचा_धोटा
होटगीकर, काकूंना आमच्या शेडवर घेऊन या एकदा. एका मोटारीचा वास मला चार दिवस झाले सापडत नाहीये.

होटगीकर
सांगितलं तिला. म्हणाली, "येते की, पण मी वास आला म्हणाले की लगेच ऐकायचं, नंतर नाही." आणि परतीच्या तिकिटाची चौकशी करत होती, तिला जातानाही बाराव्या रांगेतच बसायचंय.

सातरस्ता
चटणी?

होटगीकर
दोन डबे. एक क्रूसाठी.